साहेबाचं तिसरं बटण

इस्लामपुरात आमच्या गल्लीत रोज सकाळी एका इंग्रज अधिकाऱ्याची खरडपट्टी निघते. काढणारे निवृत्त सुभेदार तात्या साळुंखे, आणि ती मुकाट ऐकून घेणारा साहेब भिंतीवर, तैलचित्रात. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, गालांवर दाट कल्ले, एक हात तलवारीच्या मुठीवर. तो मरून दोनशे वर्षं होत आली असतील, पण तात्यांच्या लेखी तो अजून नोकरीत आहे. आंघोळ झाली की तात्या हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहतात आणि त्याला वरून खाली न्याहाळतात.

"कॉलर ठीक. पट्टा ठीक. बूट दिसत न्हाईत, सोडून देतो." मग जरा पुढे वाकून, "तिसरं बटन कुठं हाय, साहेब?"

साहेब काय बोलणार? त्याच्या कोटावर तिसऱ्या बटणाच्या जागी एक पांढुरका डाग आहे, आणि तो डाग तात्यांनी स्वतःच पाडलेला आहे. ते पुढे सांगतो.

गावात बोलवा अशी की सुभेदार गोऱ्या साहेबाला रोज सॅल्यूट ठोकतो. हे साफ खोटं. माझ्या दुकानाच्या मागच्या दाराला तात्यांचं अंगण लागतं, त्यामुळे त्यांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, काय चालतं ते मला बसल्या जागी दिसतं. सॅल्यूट सोडाच, त्यांनी साहेबाला कधी साधा रामराम घातलेला मी पाहिला नाही. ते त्याची तपासणी घेतात. पलटणीत कप्तान सुभेदाराची घेतो, इथे सुभेदार कप्तानाची घेतो. सगळी नोकरी मनात दाबून ठेवलेलं काम तात्या आता निवांत करून घेतायत, असं मला सुरुवातीला वाटायचं आणि हसू यायचं.

माझं दुकान फ्रेमचं. लग्नाचे फोटो हल्ली लोक मोबाइलमध्येच ठेवतात, त्यामुळे माझा धंदा देवांवर आणि मेलेल्यांवर चालतो. देवांना घाई नसते. मेलेल्यांना फार असते. माणूस गेला की दोन-तीन दिवसांत कोणीतरी त्याचं आधार कार्ड घेऊन येतं आणि तेराव्याला फोटो पाहिजे म्हणतं. आधार कार्डावर तो माणूस असा दिसत असतो की तो तेव्हाच गेला असावा, घरच्यांना उशिरा कळलं. मी तो फोटो मोठा करतो, मागे निळं आभाळ टाकतो, काच, पट्टी, हूक लावतो, चंदनाचा हार हवा का विचारतो. हे करताना चेहरा पडलेला ठेवावा लागतो. आता तो तसाच बसलाय. बायको म्हणते, लग्नाकार्याला येताना तरी दुसरा चेहरा घेऊन येत जा.

धंद्यामुळे भिंतींचे कायदे मला पाठ आहेत. आमच्याकडे गेलेल्या माणसांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीला लागतात. जिवंत माणसाचा फोटो त्या भिंतीला लावला तर घरातल्या बायका हाय खातात. तात्यांच्या सोप्यात दक्षिणेच्या भिंतीवर त्यांचे आजोबा आहेत, वडील आहेत, आई आहे, आणि त्याच ओळीत आईच्या शेजारी हा साहेब आहे. चाळीस गावं फिरलेला माणूससुद्धा ते बघून दारातच थबकतो.

ह्या गोऱ्यांनी साताऱ्याची गादी बुडवली आणि तुम्ही त्यांना पितरांत बसवता, असं तात्यांना तोंडावर म्हणणारे कमी नाहीत. तात्या शांतपणे चहा पितात आणि म्हणतात, "काडायचा हुकूम आला न्हाई." हे त्यांचं कशालाही उत्तर. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू काढा, तर हुकूम आला न्हाई. मतदानाला कुणाला शिक्का मारणार, तर हुकूम आला न्हाई. एकदा मी वैतागून विचारलं की तुम्ही निवृत्त होऊन जमाना झाला, आता तुम्हाला हुकूम देणार कोण? तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि विषय बदलला.

साहेब त्यांच्याकडे आला तो महाबळेश्वरहून. निवृत्तीनंतर काही वर्षं तात्या तिथल्या एका जुन्या बंगल्यावर रखवालदार होते. मालकाला बंगला पाडून हॉटेल बांधायचं होतं. अडगळीच्या खोलीत हे चित्र निघालं, तिथल्या पावसानं ओलावलेलं, नाकावर बुरशी चढलेली. मालक म्हणाला, जाळून टाका. तात्या म्हणाले, वर्दीतला माणूस आहे, जाळायचा कसा? त्यांनी त्याला स्वतःच्या रेनकोटात गुंडाळला आणि एस.टी.त घातला. कंडक्टरनं एवढं मोठं काय आहे विचारलं, तर म्हणाले, कप्तान साहेब. कंडक्टरही आपल्याकडचाच. म्हणाला, मग त्यांचंही तिकीट काढा.

घरी काकींनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, साहेबाला बघून आधी डोक्यावरचा पदर नीट केला. परका पुरुष तो परका पुरुष. मग चार दिवसांनी म्हणाल्या, "ह्यो सारका माज्या सयपाकघराकडं बगतोय. तोंड फिरवा त्येचं." तात्यांनी साहेबाला मागच्या खोलीत खताच्या पोत्यांआड भिंतीकडे तोंड करून उभा केला. तिथं तो बरीच वर्षं सुखानं होता आणि तिथंच राहिला असता.

मग अवीचं झालं.

अविनाश, तात्यांचा एकुलता एक. बापामागोमाग लष्करात गेला. उत्तरेला सरहद्दीवर त्याच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. बाकीचे सापडले, हा सापडला नाही. शोध थांबला तेव्हा लष्करानं तो गेल्याचं कळवलं आणि त्याच्या सामानाची पेटी घरी आली. काकींनी त्या पेटीला कुणाला हात लावू दिला नाही. ज्याची पेटी तोच येऊन उघडेल, म्हणाल्या. दहावं नाही, तेरावं नाही, कपाळाला हात लावून बसणं नाही. उलट अवीचा मोबाइल नंबर बंद पडू नये म्हणून तात्यांना न चुकता रिचार्ज मारायला पाठवायच्या. माझ्या शेजारच्या दुकानदारानं एकदा सांगून बघितलं की हा नंबर लागत नाही हो तात्या. तात्या म्हणाले, लागेल, तू मार.

तात्यांचे धाकटे भाऊ दिनकरअण्णा आष्ट्याला असतात. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट उरकायची घाई. त्यांनी आमच्या चौकात पुतण्याचा भला मोठा फ्लेक्स लावला, श्रद्धांजलीचा. तो उतरेपर्यंत तात्या काकींना बाजाराला लांबच्या रस्त्यानं नेत होते. गटार तुंबलंय, उसाची ट्रॉली आडवी पडलीय, रोज नवं निमित्त. म्हातारी पायानं अधू, वळसा केवढा, पण फ्लेक्स तिच्या नजरेस पडला नाही.

मग अण्णा माझ्या दुकानात आले. अवीचा वर्दीतला फोटो मोठा करायला टाकला, काच चांगली लाव म्हणाले, चंदनाचा हारही सांगितला. इथवर ठीक होतं. पण तिथून ते तडक भावाच्या घरी गेले आणि दक्षिणेच्या भिंतीवर, आईच्या फोटोशेजारी, चांगला जाडजूड खिळा ठोकून मोकळे झाले. फोटो आला की लगेच लावायला सोयीचं. तात्या तेव्हा रानात होते आणि काकी देवळात.

काकी परत आल्या आणि त्यांना तो मोकळा खिळा दिसला. भिंतीसमोर बसल्या, त्या जेवायलाही उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले. इतका ताठ माणूस, पण त्या दिवशी स्टुलावर बसताना त्यांनी माझ्या काउंटरला धरलं. सगळं सांगितलं. मी म्हणालो, खिळा उपटून टाका की.

"उपटला तर भोक ऱ्हातं, सुरेश. ती भोकाकडं बगत बसंल."

मग कॅलेंडर लावा, मी म्हणालो. माझ्याकडे दिनदर्शिकांचा ढीग पडलेला असतो.

"कॅलेंडर अण्णा एका हातानं काडंल आन फोटू टांगंल." मग म्हणाले, "साहेबाला काडायला चार मानसं लागत्यात."

तर असा साहेब त्या खिळ्यावर गेला. मागच्या खोलीतून त्याला आम्ही दोघांनी आणला, मी त्याला नवी तार लावली, आणि मेलेल्यांच्या ओळीत अवीसाठी केलेली जागा त्यानं व्यापली. काकी बघत होत्या. मग म्हणाल्या, बरं दिसतंय. आणि त्या दिवशी भाकरी खाल्ली.

निघताना तात्यांनी मला अंगणात गाठलं. अवीचा फोटो अण्णाला द्यायचा नाही, म्हणाले. किती दिवस, मी विचारलं. हुकूम येईपर्यंत. कुणाचा हुकूम, असं विचारल्यावर त्यांनी मानेनं घराकडे खूण केली.

"आत बसलीया तिचा. म्या बर्फ बगितलाय रं. बर्फ काय करतो मला म्हाईत हाय. तिला म्हाईत नसू दे."

मला तोवर तात्या म्हणजे एक गमतीचं पात्र वाटत होतं. त्या दिवसापासून मी त्यांना हसलो नाही असं म्हणणार नाही, हसलोच, पण आधी आजूबाजूला बघून.

अवीचा फोटो मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. अण्णा आले की सांगायचो, काच फुटली. पुढच्या खेपेला, पट्टी कोल्हापूरहून आली नाही. मग, कारागीर गावाला गेलाय. माझ्या दुकानात मी सोडून कारागीर नाही. अण्णांनी मला अख्ख्या वाळवा तालुक्यातला सगळ्यात नालायक फ्रेमवाला ठरवलं आणि चारचौघांत तसं बोलून दाखवलं. माझी दोन-चार गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. तात्यांना हे कळलं तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं मागच्या दाराशी ठेवून गेले.

आता बटणाचं. साहेब भिंतीवर आल्यावर तात्यांना त्याची कळा बघवेना. माणूस फौजी. कोटावर पितळी बटणं दिसली, ती मळकी दिसली, की हात शिवशिवणारच. त्यांनी स्वतःच्या जुन्या ट्रंकेतून बटणं चमकवायचं पॉलिश काढलं, फडकं घेतलं आणि साहेबाच्या कोटावरचं एक बटण, रंगानं काढलेलं, जोर लावून घासलं. पलटणीत घासतात तसं. फडकं पिवळं झालं आणि बटण गेलं.

तात्या फडक्याकडे बघतायत, साहेबाकडे बघतायत, आणि स्वयंपाकघराच्या दारात काकी उभ्या. त्या हसायला लागल्या. अवीची बातमी आल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या. म्हणाल्या, "आणा हिकडं, सुई-दोरा हाय माज्याकडं. लावून देते साहेबाला बटन."

त्या दिवसापासून रोजची तपासणी सुरू झाली. तिसरं बटण कुठं आहे, हे तात्या चढ्या आवाजात विचारायचे ते साहेबाला ऐकू जावं म्हणून नव्हे, स्वयंपाकघरात ऐकू जावं म्हणून. आतून कधी हसू यायचं, कधी 'हरवलं आसंल बापड्याचं' असं यायचं, आणि वाईट दिवशी काहीच यायचं नाही. मी एकदा रंग आणून बटण काढून देतो म्हणालो, तर तात्या माझ्यावरच डाफरले.

पुण्याहून एक जाणकार गृहस्थही येऊन गेले. कुणाकडून तरी चित्राबद्दल ऐकलं होतं. भिंग लावून त्यांनी तासभर साहेबाला बघितलं. चित्र कंपनी सरकारच्या काळातलं, हात चांगल्या चित्रकाराचा, हे संग्रहालयात हवं, असं म्हणाले. मग भिंग तिसऱ्या बटणावर आलं. त्यांनी काय झालं विचारलं आणि तात्यांनी खरं ते सांगितलं. गृहस्थ खाली बसले. काकींनी त्यांना पाणी दिलं. तुम्ही म्हणाल ते देतो पण चित्र द्या, म्हणाले. तात्यांनी हात जोडले आणि हुकूम आला नसल्याचं सांगितलं.

हे सगळं तात्यांना स्वस्तात पडलं असं कोणी समजू नये. माजी सैनिकांच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, पोरगं देशासाठी गेलं आणि बाप भिंतीवर इंग्रज टांगतो. तात्या ऐकून घेऊन उठले, परत त्या बैठकीला गेले नाहीत. शाळेच्या झेंडावंदनाला दरवर्षी बोलावणं यायचं, तेही थांबलं. दिनकरअण्णांनी एकदा अंगणात उभं राहून गल्ली गोळा केली. पुतण्याला भिंतीवर जागा नाही आणि तुम्ही गोऱ्याला पोसताय, म्हणाले, आता तुमचा-माझा संबंध संपला. एक वाक्य बोलले असते तात्या, तर अण्णा वरमले असते. पण काकी आत होत्या. तात्या उन्हात उभे राहिले, अण्णा दमेपर्यंत. मला त्या दिवशी तात्यांचा रागच आला होता. माणसानं इतकंही गप्प राहू नये.

काकी गेल्या उन्हाळ्यात गेल्या. दुखणं लांबलं नाही. दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत परत आणलं ते तसंच. अण्णा आले, मातीला थांबले, भावाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर तात्या दुकानात आले. मी माझा धंद्याचा चेहरा शोधत होतो, पण तो दुसऱ्याच्या माणसांसाठी असतो, त्या दिवशी सापडेना. काकींचा फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला. कुणाच्यातरी लग्नातला, घोळक्यातला. त्यातल्या काकींवर बोट ठेवलं. निळं आभाळ नको म्हणाले, तिला ऊन सोसत नव्हतं. मी हो म्हणालो. मग ते म्हणाले, "हुकूम आला, सुरेश."

मी काही न विचारता स्टुलावर चढलो. माळ्यावरून वर्तमानपत्राचं गाठोडं काढलं, धूळ झटकली आणि त्यांच्यासमोर सोडलं. अवी टोपी घालून बघत होता. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. टोपीवरून, कॉलरवरून, बटणांवरून त्यांची नजर सवयीनं खाली गेली आणि परत वर आली. मग त्यांनी कागद होता तसा परत गुंडाळला.

"ह्येचा न्हाई आला. ऱ्हाऊ दे वर."

आणि त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर सोडली. आत एक पितळी बटण होतं, वर्दीचं.

दवाखान्यात जायच्या दिवशी काकींनी अवीची पेटी उघडली होती. तात्या गाडी बघायला गेले होते तेवढ्यात. समारंभाची वर्दी बाहेर काढून त्यांनी तिचं तिसरं बटण कात्रीनं उतरवलं आणि पेटी पुन्हा लावली. दवाखान्यात, बोलता येत होतं तोवर, ते तात्यांच्या मुठीत दिलं.

"साहेबाला लावा म्हनाली," तात्या म्हणाले. "इतकी वर्सं पोराची जागा राकतोय बापडा, उगड्या कोटानं उबा हाय, म्हनाली."

मला समजायला वेळ लागला. येणाऱ्या पोराच्या वर्दीचं बटण आई कापत नाही. आणि साहेब त्या खिळ्यावर कशासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तिला म्हाईत हुतं रं. पैल्यापास्नं." तात्या बटणाकडे बघत बोलत होते. "मला वाटायचं मीच एकटा लपवतोय. ती माज्यासाटी लपवीत हुती. दोगं एका घरात, आन एकदा बी संगं रडलो न्हाई."

मी म्हणालो, मी सरसानं चिकटवून देतो. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जवान असतो तर आठवडाभर शिक्षेची कवायत केली असती. बटण चिकटवतात होय, शिवतात, म्हणाले. मी म्हणालो, तात्या, चित्र आहे ते. ते म्हणाले, कापडच आहे की.

आम्ही साहेबाला खाली उतरवला. दोघांनीच. चार माणसं लागतात हे तात्यांनी तेव्हा वाढवून सांगितलेलं होतं. काकींच्या डब्यातली सुई, काकींचाच दोरा. मी मागून कापड धरलं, तात्यांनी पुढून सुई घातली. दोनशे वर्षांचा रंग बारीक कड्-कड् करत होता. ते पुण्याचे गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांनी मोठ्या मनानं माफ करावं. मोतीबिंदूमुळे तात्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं, सुई दोनदा बोटात गेली, पण मला हात लावू दिला नाही. फौजी पद्धतीनं दोऱ्याला पीळ देऊन, मागे गाठ मारून त्यांनी बटण पक्कं केलं.

काकींचा फोटो मी तेराव्याच्या आधी दिला. साहेबाच्या शेजारी नवा खिळा मीच ठोकला. अण्णा तेव्हा सोप्यात होते. त्यांना साहेबाच्या कोटावरचं खरं बटण दिसलं, त्यावरचं पलटणीचं चिन्ह दिसलं. ते भावाकडे वळले, काही विचारणार होते, मग न विचारताच जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले.

अवीचा फोटो अजून माझ्या माळ्यावर आहे. त्याच्या नंबरचा रिचार्जही चालू आहे. आणि तपासणीही चुकलेली नाही. आज सकाळीही मी मागच्या दारातून बघत होतो. तात्या हात मागे बांधून उभे राहिले. कॉलर ठीक म्हणाले, पट्टा ठीक म्हणाले, आतून काही येतं का म्हणून सवयीनं थांबले. मग हात पुढे करून साहेबाची बटणं वरून एक-एक चाचपायला लागले. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर बोट आलं आणि तिथंच राहिलं.